कॉफी आणि कुचला एकाच चॅप्टरमध्ये कसे?

प्रश्न असा आलाय: फार्माकोलॉजीच्या पुस्तकात सीएनएस स्टिम्युलंट्सचा, म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेला चाळवणाऱ्या औषधांचा, चॅप्टर उघडला की कॉफीतलं कॅफिन आणि कुचल्याच्या बियांतलं, उंदराच्या औषधातलं स्ट्रिक्निन एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसलेले दिसतात, मग कन्व्हल्संट, म्हणजे फिट आणणारं औषध, हे फक्त जास्त डोस दिलेलं स्टिम्युलंट का? आणि आजोबा ज्या कोरामिनच्या इंजेक्शनबद्दल बोलतात ते गेलं कुठे? सेकंड इयर फार्मसीच्या मुलाचा प्रश्न आहे आणि खरं सांगायचं तर चांगला आहे, कारण बरीच मुलं हा तक्ता पाठ करतात पण तो तसा का आहे हे विचारत नाहीत. मी एमडी मेडिसिन, तालुक्याच्या गावी पंचवीसेक वर्षं प्रॅक्टिस केली, मध्ये दहा वर्षं एका फार्मसी कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जायचे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते. जरा लांबेल.

एका ओळीत उत्तर हवं असेल तर, नाही, कन्व्हल्संट म्हणजे जास्त डोसचं स्टिम्युलंट नाही. पण एवढं सांगून सोडलं तर दम्यासाठी थिओफायलिन घेणारा पेशंट मला विचारेल की मग मला फिट का आली, म्हणून ते शेवटी परत घेऊ.

आधी बेडूक. आमच्या वेळी प्रॅक्टिकलला बेडूक असायचे, आता कॉम्प्युटरवर सिम्युलेशन असतं आणि बेडकांच्या दृष्टीने ते बरंच झालं. पाठीच्या कातडीखाली स्ट्रिक्निन टोचायचं आणि थांबायचं. थोड्या वेळाने बेडूक अस्वस्थ व्हायचा, मग टेबलावर नुसती टिचकी मारली तरी सगळे पाय ताणून लाकडासारखा कडक. पुढची स्टेप महत्त्वाची होती. सुईने मेंदू नष्ट करायचा. तरीही टिचकी मारली की बेडूक ताणलेलाच! मग तीच सुई मणक्यात खालपर्यंत घालून स्पायनल कॉर्ड नष्ट केला की सगळं शांत. म्हणजे स्ट्रिक्निनचं काम चालतं ते मुख्यतः पाठीच्या कण्यात, त्याला मेंदूची गरजच नाही. हा प्रयोग मी एकोणीस-वीस वर्षांची असताना बघितला आणि तेव्हा मार्क मिळाले यापलीकडे काही वाटलं नाही, त्याचा अर्थ कळला बऱ्याच वर्षांनी एका पेशंटच्या उशाशी उभी असताना. तो किस्सा येतोच आहे.

त्याआधी एक चुकीची समजूत काढून टाकू. आपल्याला वाटतं मेंदू मुळात शांत असतो आणि औषध येऊन त्याला चाळवतं. उलट आहे. साठ पोरांचा वर्ग डोळ्यांसमोर आण, बाई स्टाफरूममध्ये गेल्यात आणि वर्ग तरी शांत आहे, तर तो शांत आहे कारण मॉनिटर फळ्याजवळ खडू घेऊन उभा आहे. शांतता आपोआप नसते, कोणीतरी ती सतत राखत असतं. मेंदूत हा मॉनिटर म्हणजे गाबा नावाचं रसायन, आणि स्पायनल कॉर्ड-ब्रेनस्टेममध्ये मुख्यतः ग्लायसिन. दोघांचं काम एकच, न्यूरॉनच्या, म्हणजे मज्जापेशीच्या, भिंतीतला क्लोराइडचा चॅनल उघडायचा, ऋण भार असलेला क्लोराइड आत शिरला की तो न्यूरॉन पेटायला अवघड होतो. पोरांना चाळवणारा तो ग्लुटामेट. आणि गंमत बघ, गाबा बनतो कशापासून? ग्लुटामेटपासूनच! ग्लुटामेट डिकार्बॉक्सिलेज नावाचं एक एन्झाइम एक कार्बन डायऑक्साइड काढून घेतं आणि वर्गातल्या सगळ्यात दंगेखोर पोराचा मॉनिटर होतो. या एन्झाइमला काम करायला बी-६ हे जीवनसत्त्व लागतं, हे आत्ताच लक्षात ठेव, पुढे एका लहान मुलीचा जीव यावरच अडकला होता.

आता वर्गात दोन गोष्टी होऊ शकतात. एक, कोणीतरी येऊन सांगतं की उद्या सहल आहे. पोरं ताजी होतात, बडबड वाढते, पण मॉनिटर जागेवर आहे. हे स्टिम्युलंट. दोन, मॉनिटरच उठून निघून जातो. हे कन्व्हल्संट. आणि इथे मुलं नेहमी एक चूक करतात, त्यांना वाटतं फिट म्हणजे खूप गोंगाट. गोंगाटात प्रत्येक पोरगं वेगळं बोलतं, त्यातून काही हलत नाही. फिट म्हणजे मॉनिटर गेल्यावर अख्खा वर्ग एका सुरात पाढे म्हणायला लागतो तसं, बे एके बे, सगळे एकदम, त्याच तालात. ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, फिटच्या वेळी त्या उंच उंच लाटा दिसतात त्या यामुळेच, हजारो न्यूरॉन एका ठोक्याला पेटतात आणि शरीर त्या ठोक्यावर हलतं. गाबाचं एक मोठं काम म्हणजे शेजारच्याला शेजारच्याचा ताल लागू न देणं.

आता स्ट्रिक्निन. कुचल्याच्या बियांमधून १८१८ साली पॅरिसच्या पेल्तिए आणि काव्हाँतू या दोघांनी वेगळं काढलं. हे झाड आपल्या कोकणात काजरा म्हणून ओळखीचं आहे, नारिंगी फळ, आत चपट्या बटणासारख्या बिया, चव इतकी कडू की विचारू नकोस. स्ट्रिक्निन ग्लायसिनच्या रिसेप्टरवर, म्हणजे न्यूरॉनवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, जाऊन बसतं आणि ग्लायसिनला बसू देत नाही. परिणाम काय होतो ते रस्सीखेच म्हणून बघ. तू हात वाकवतोस तेव्हा दंडाच्या पुढचा स्नायू आखडतो आणि मागचा सैल पडतो, तो सैल पडतो कारण कण्यातून त्याला ग्लायसिनमार्फत थांब म्हणून निरोप जातो. स्ट्रिक्निनने तो निरोप पोचतच नाही. दोन्ही टीम एकदम ओढतात. पाठीचे स्नायू पोटापेक्षा दणकट, म्हणून माणूस धनुष्यासारखा मागे वाकतो, चेहऱ्यावर ते विचित्र हसू येतं, छातीचे स्नायूही आवळले गेल्यामुळे श्वास थांबतो आणि माणूस जातो तो त्यामुळे.

आता तो पेशंट. पन्नाशीचा शेतकरी, गुडघेदुखीसाठी कुणा भटक्या वैदूकडून कसलीतरी पूड घेतलेली, पहाटे आणला. दार आपटलं की अंग ताणलं जायचं, नाडी बघायला हात लावला की परत. आणि दोन झटक्यांच्या मध्ये तो माझ्याशी स्पष्ट बोलत होता, ‘बाई, हात नका लावू, लाईट घालवा.’ फिटचा पेशंट बोलतो कसा? तिथे मला तो बेडूक आठवला. मोठ्या मेंदूला धक्काच नाही, बिघाड सगळा खालच्या मजल्यावर, म्हणून माणूस पूर्ण शुद्धीवर असतो आणि प्रत्येक कळ त्याला समजते, त्या अर्थी हे मिरगीच्या झटक्यापेक्षा भयानक आहे. रूम अंधारी केली, नर्सला चपला काढून यायला लावलं, डायझेपाम शिरेतून दिलं आणि जिल्ह्याच्या गावी हलवला कारण वेळ पडली तर स्नायू सैल करून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागतं. वाचला. त्या पुडीत अशुद्ध कुचला होता हे नातेवाइकांनी बिया आणून दाखवल्या तेव्हा कळलं.

धनुर्वात म्हणून मीही पहिली पाच मिनिटं फसलेच होते. फरक असा की धनुर्वात काही दिवसांत हळूहळू चढतो, आधी दातखीळ बसते आणि झटक्यांच्या मधल्या वेळातही अंग ताठच राहतं, स्ट्रिक्निनमध्ये सगळं अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतं आणि मधल्या वेळात अंग सैल पडतं. दोघांची वाट मात्र एकच. धनुर्वाताचं टॉक्सिन ग्लायसिन बाहेरच पडू देत नाही, स्ट्रिक्निन बाहेर पडलेल्या ग्लायसिनला बसायला जागा देत नाही.

आयुर्वेदात कुचला वापरतात, विषतिंदुक वटीत असतो, अग्नितुंडी वटीत असतो, पण तिथे शोधन सांगितलंय, गोमूत्र-दूध-तूप अशा पायऱ्यांतून बिया जातात आणि त्यात स्ट्रिक्निनचं प्रमाण घटतं. ज्याला ते नीट येतं त्याच्याकडून घेणं वेगळं आणि बाजारात चादरीवर मांडलेल्या पुड्या घेणं वेगळं, एवढंच म्हणते, कुठल्या पॅथीच्या भांडणात मला पडायचं नाही.

मग स्ट्रिक्निनला स्टिम्युलंट का म्हणायचे? कारण थोड्या प्रमाणात रिफ्लेक्स तल्लख होतात, स्पर्श-आवाज जास्त जाणवतात, कडू असल्यामुळे भूक लागल्यासारखी वाटते, आणि शंभर वर्षांपूर्वी एवढ्यावर टॉनिक विकलं जायचं. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला त्याच्या माणसांनी वाटेत अंड्याच्या पांढऱ्यातून स्ट्रिक्निन दिलं, वर ब्रँडी पाजली. शेवटी त्याला जवळजवळ धरून लाइनपार न्यावं लागलं. (त्याच्या आधी फिनिश लाइनवर पोचलेला गडी बराचसा रस्ता मोटारीतून आला होता हे उघड झालं म्हणून हिक्स पहिला, ती रेस म्हणजे तमाशाच होता.) स्ट्रिक्निनने ताकद वाढत नाही, फक्त लगाम सुटतो, हे कळायला लोकांना वेळ लागला.

गाबाच्या बाजूला आलं की नावं बदलतात पण गोष्ट तीच. काकमारीच्या फळातलं पिक्रोटॉक्सिन क्लोराइडच्या चॅनलच्या आत बूच मारल्यासारखं बसतं, बिक्युक्युलिन गाबाच्याच जागेवर बसतं, पेंटिलीनटेट्राझॉल म्हणजे आपलं मेट्राझॉल हेही गाबा-ए रिसेप्टरचा चॅनल अडवतं. इथे मोठा मेंदूच सापडतो म्हणून शुद्ध जाते. स्ट्रिक्निन आणि मेट्राझॉलमधला हा फरक एकदा डोक्यात बसला की अर्धा चॅप्टर झाला समज.

मेट्राझॉलची हकीकत ऐकण्यासारखी आहे. बुडापेस्टच्या लाडिस्लाउस मेडुना या डॉक्टरची समजूत होती की स्किझोफ्रेनिया आणि मिरगी एकमेकांच्या वैरी आहेत, म्हणजे मुद्दाम फिट आणली तर वेड कमी होईल. १९३४ साली त्याने तेलातला कापूर टोचून सुरुवात केली, तो बेभरवशाचा निघाला म्हणून मग मेट्राझॉल. फिट नक्की यायची, पण ती येण्याआधीचे काही क्षण पेशंटला मरण समोर दिसल्यासारखी भीती वाटायची, लोक दुसऱ्या इंजेक्शनला पळून जायचे. का वाटायची हे आता कळतं. डायझेपाम गाबाला मदत करून माणसाला शांत करतं, मेट्राझॉल बरोबर त्याच्या उलट, म्हणून भीती आधी आणि फिट नंतर. मग १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेने फिट आणून दाखवली आणि मेट्राझॉल मागे पडलं. मेडुनाची ती वैराची थिअरी चूक होती, पण ईसीटी, म्हणजे विजेने फिट आणायची ही ट्रीटमेंट, आजही तीव्र डिप्रेशनमध्ये दिली जाते, भूल देऊन आणि स्नायू सैल करून, सिनेमात दाखवतात तशी नाही. मेट्राझॉल मात्र लॅबमध्ये शिल्लक राहिलं, उंदराला ते देऊन फिट आणायची आणि नवीन औषध ती अडवतं का बघायचं, मिरगीच्या औषधांची कितीतरी वर्षं पहिली परीक्षा ही आहे.

शेतीशी पण याचा संबंध आहे. एंडोसल्फान, एंड्रिन ही ऑर्गनोक्लोरीन जातीची कीटकनाशकं पिक्रोटॉक्सिनच्याच जागी गाबाचा चॅनल अडवतात, म्हणून त्यांच्या विषबाधेत फिट येते. आमच्या भागात जुनी माणसं कुठल्याही कीटकनाशकाला एंड्रिनच म्हणतात, त्यामुळे नातेवाईक एंड्रिन म्हणाले तरी बाटली बघितल्याशिवाय मी कधी विश्वास ठेवला नाही, कारण ऑर्गनोफॉस्फरस या दुसऱ्या जातीच्या कीटकनाशकाची ट्रीटमेंट पूर्ण वेगळी, तिथे अ‍ॅट्रोपिन लागतं. एंडोसल्फानवर २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. फिप्रोनिल हेही किड्यांचा क्लोराइड चॅनलच अडवतं पण किड्यांच्या चॅनलला ते माणसाच्या चॅनलपेक्षा कितीतरी जास्त चिकटतं, माणसाला वाव मिळतो तो एवढाच.

आता ती मुलगी. तीन वर्षांची, एकामागून एक फिट, थांबेना. डायझेपाम झालं, फेनिटॉइन झालं, काही फरक नाही. ताप नाही, मार नाही, मान आखडलेली नाही. मग ओकारी झाली आणि ती केशरी-लाल. मी आजीला विचारलं घरात टीबीच्या गोळ्या कोणाला चालू आहेत? आजोबांना. पाकीट आणायला पाठवलं, बऱ्याच गोळ्या गायब, लाल लाल गोळ्या पोरीला चॉकलेट वाटल्या असणार. तो रंग रिफाम्पिसिनचा, पण फिट आणणारं त्याच गोळीतलं आयसोनियाझिड. आयसोनियाझिड शरीरातलं कामाचं बी-६ संपवतं, बी-६ नाही म्हणजे ते ग्लुटामेट डिकार्बॉक्सिलेज बंद, म्हणजे दंगेखोर पोराचा मॉनिटर बनायचं मशीनच बंद, एकाच वेळी ग्लुटामेट शिल्लक आणि गाबा गायब. आणि डायझेपाम चालेना ते का? डायझेपाम स्वतः चॅनल उघडत नाही, ते गाबाला हात देतं. गाबाच नसेल तर हात द्यायचा कोणाला!

उतारा म्हणजे बी-६, जितकं आयसोनियाझिड पोटात गेलं अंदाजे तेवढंच, ग्रॅमला ग्रॅम. शिरेतून द्यायचं इंजेक्शन त्या रात्री तालुक्यात कुठेच मिळालं नाही, केमिस्टला झोपेतून उठवून ४० मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या होत्या तेवढ्या स्ट्रिप्स आणल्या, खलात कुटून नाकातल्या नळीवाटे दिल्या, जोडीला डायझेपाम चालूच. पहाटे फिट थांबल्या. टीबीच्या पेशंटला रोज ती छोटी बी-६ ची गोळी का देतात याचं कारण खरं तर हातापायाच्या मुंग्या, पण बायोकेमिस्ट्री तीच आहे.

स्टिम्युलंटकडे वळू, इथे मॉनिटर जागेवर आहे. कॅफिनपासून. दिवसभर मेंदू एटीपी हे पेशीचं इंधन खर्च करतो, त्यातून अ‍ॅडिनोसिन साठत जातं, ते रिसेप्टरवर बसलं की झोप यायला लागते. कॅफिनचा आकार अ‍ॅडिनोसिनसारखा, ते त्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि काहीच करत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. माणूस बसलेला नाही पण सीट भरलेली. म्हणून कॅफिन एनर्जी देत नाही, दमल्याचा निरोप अडवतं फक्त, आणि रुमाल उचलला की बाहेर ताटकळलेलं अ‍ॅडिनोसिन सगळं एकदम आत घुसतं, संध्याकाळी चारला जी मरगळ येते ती ही. कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम, कॉफीत ८० ते १०० धर, मोठ्या माणसाने दिवसात ४०० च्या आत राहावं असं साधारण मानतात. एनर्जी ड्रिंकला आपल्याकडे लिटरला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५, एका कॉफीपेक्षा कमी, फक्त पोरं एका बैठकीत चार पितात हा प्रॉब्लेम. अर्धं कॅफिन शरीरातून जायला मोठ्या माणसाला पाचेक तास लागतात, विडी-सिगारेटवाल्याला कमी, गर्भारपणात कितीतरी जास्त, आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाला तीन-चार दिवस. त्या बाळांना एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, कॅफिन मुद्दाम देतात, श्वास घ्यायला विसरतात म्हणून, आणि एकदा दिलं की २४ तास पुरतं ते याचमुळे. हे सांगितलं की आया घाबरतात, ‘बाळाला कॉफी?’

थिओफायलिन कॅफिनचाच सख्खा भाऊ, दम्यासाठी. आणि इथे तुझा मूळ प्रश्न परत येतो, कारण अ‍ॅडिनोसिन फक्त झोप आणत नाही, चालू झालेली फिट विझवण्याचं कामही तेच करतं. म्हणजे तो मुख्य मॉनिटर नसला तरी मागच्या बाकावरचा उपमॉनिटर आहे. थोडा अडवला तर तरतरी, पूर्ण अडवला तर फिट विझेना. म्हणून ईसीटीमध्ये फिट फार छोटी होत असेल तर आधी कॅफिन देऊन ती लांबवायचेही. थिओफायलिनची रक्तातली उपयोगी पातळी आणि विषारी पातळी अगदी शेजारी शेजारी, त्यात कोणी जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिलं की लिव्हरमधला निचरा अडतो आणि चालू डोसच जास्त होतो. एका म्हाताऱ्या पेशंटला असंच झालेलं पाहिलंय, डोस एक गोळीनेही वाढवला नव्हता. तेव्हा कुठे कुठे हो, डोसचाच प्रश्न असतो, पण डोस वाढल्यावर तो शेवटी कुठल्यातरी मॉनिटरलाच हात घालतो म्हणून फिट येते.

अ‍ॅम्फेटामिन आणि मिथाइलफेनिडेट ही स्टिम्युलंट्स दोन्ही मेंदूतली डोपामिन-नॉरअ‍ॅड्रेनालिन ही निरोप नेणारी रसायनं वाढवतात पण रीत वेगळी. वापरून झालेलं डोपामिन न्यूरॉन परत ओढून घेतो, मोरीतून पाणी निघून जावं तसं. मिथाइलफेनिडेट मोरीला बोळा घालतं, पाणी तुंबतं. कोकेनही बोळाच. अ‍ॅम्फेटामिन मात्र मोरीतूनच आत शिरतं, आत साठवलेल्या टाक्या फोडतं, आणि पाणी मोरीतून उलटं घरात येतं. बोळ्याने तुंबलेलं पाणी नळ किती चालू आहे यावर ठरतं, उलट्या पाण्याला तीही मर्यादा नाही, म्हणून अ‍ॅम्फेटामिन आणि त्याच्या कुळातली ती एमडी-म्याऊ म्याऊ (मेफेड्रोन ही नशा) जास्त घातक. त्यांच्यात फिट येते तीही नुसत्या चाळवण्याने नाही, अंग तापतं, सोडियम बिघडतो, बीपी चढतं, आणि अशा तापलेल्या मेंदूत मॉनिटर टिकत नाही.

चंचल मुलाला स्टिम्युलंट देऊन तो शांत कसा होतो हे पालक दर वेळी विचारतात. १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली नावाच्या अमेरिकन डॉक्टरला हेच आश्चर्य वाटलं होतं, बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामिनच, दिलं डोकेदुखीसाठी आणि पोरं गणितं सोडवायला लागली. कपाळामागचा जो मेंदू आहे तो बाकीच्या मेंदूला आवर घालतो, त्याला थोडंसं डोपामिन-नॉरअ‍ॅड्रेनालिन कमी पडत असतं. औषध त्याला जागं करतं, म्हणजे दंगेखोरांना नाही, पेंगलेल्या मॉनिटरला. थोडं जास्त झालं की परत बिघडतं, म्हणून डोस मुंगीच्या पावलाने वाढवतात. मोडाफिनिल हे जागं ठेवणारं औषध याच बोळ्याचं सौम्य रूप. पुण्यात पेठेत अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं ते चिठ्ठीशिवाय मिळवून खातात हे मला माहीत आहे. बाकी काही नाही तरी हे ऐका: ते गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करतं, आणि अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे जायचं. दोन रात्री जागून केलेला अभ्यास तिसऱ्या दिवशी आठवत नाही हे वेगळंच.

राहिलं कोरामिन, म्हणजे निकेथामाइड. आमच्या वडिलांच्या पिढीत पेशंट गेल्यात जमा झाला की डॉक्टर कोरामिन द्यायचे, मग नातेवाइकांना सगळं केल्याचं समाधान. श्वासाच्या केंद्राला चाळवायचं ही कल्पना. झोपेच्या गोळ्या जास्त झालेल्यांना हीच औषधं भरपूर देत. अडचण अशी की श्वास वाढवणारा डोस आणि फिट आणणारा डोस यात अंतरच नाही, मेंदूला चाबूक मारला की त्याची ऑक्सिजनची भूक वाढते आणि तोच ऑक्सिजन कमी असतो. १९४० च्या दशकाच्या शेवटी कोपनहेगनच्या डॉक्टरांनी हे सगळं बंद केलं आणि फक्त श्वासनलिका मोकळी ठेवली, ऑक्सिजन, सलाईन, कूस बदलणं, आणि थांबायचं. मृत्यू एक-दोन टक्क्यांवर आले! तिथे कोरामिनचा विषय संपला. नाव मधेच परत आलं ते २०१३ मध्ये, टेनिसचा मारिन चिलिच मोनॅकोत घेतलेल्या ग्लुकोजच्या गोळ्यांतल्या निकेथामाइडमुळे डोपिंगमध्ये सापडला तेव्हा. डॉक्साप्राम हे श्वास वाढवणारं दुसरं औषध अजून कुठे कुठे वापरतात, ते कमी डोसला गळ्यातल्या कॅरोटिड बॉडीला चाळवतं म्हणून जरा सुरक्षित, पण व्हेंटिलेटर असताना कोण जातं त्या वाटेला.

फिट आणणारी औषधं या चॅप्टरच्या बाहेरही ढीगभर आहेत हे लक्षात असू दे. ट्रॅमाडॉल, बुप्रोपिऑन, किडनी खराब असताना जास्त झालेलं पेनिसिलिन, आणि दारू. दारू पिऊन नाही, रोजची दारू एकदम सोडून, शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत. रोजच्या दारूने गाबाचं काम बाहेरून होत राहतं, मेंदू आपले मॉनिटर कमी करतो, मग एका सकाळी दारू नाही आणि मॉनिटरही नाहीत.

आणि घरातला कन्व्हल्संट म्हणजे देवघरातला कापूर. मेडुनाने वापरला तोच पदार्थ. रांगणाऱ्या पोराने एक-दोन वड्या खाल्ल्या तरी फिट येऊ शकते, आणि पाच-दहा मिनिटांतही येऊ शकते, आधी काही लक्षणं दिसतीलच असं नाही. सर्दीला कापूर तेलात घालून छातीला चोळतात, नाकाशी पोटली बांधतात, लहान बाळाला ते करू नका, निलगिरीचं तेल पण पाजू नका. कापूर खाल्ला तर बोट घालून ओकारी काढायची नाही, ओकताना फिट आली तर ते सगळं फुप्फुसात जाईल. सरळ दवाखाना. कुठल्याही फिटमध्ये एका कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा नाही, कांदा-चप्पल हुंगवणं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली की गाडी काढायची.

परीक्षेपुरतं म्हणशील तर तक्ता लिही, पण प्रत्येक नावापुढे तो कुठल्या मॉनिटरला हात लावतो ते एका शब्दात लिही, स्ट्रिक्निन ग्लायसिन, पिक्रोटॉक्सिन गाबा, कॅफिन अ‍ॅडिनोसिन, आयसोनियाझिड बी-६. आणि व्हायवाला बाहेरचा एक्झामिनर स्ट्रिक्निनचा पेशंट शुद्धीवर का असतो हे विचारणारच, मी स्वतः दहा वर्षं तोच प्रश्न विचारत होते, वर्गातल्या तिघा-चौघांना यायचा.